वाचकांचे प्रश्न : रॉक, पॉप आणि जाझच्या तबकड्या कोणत्या घ्याव्यात, कशा ओळखाव्यात, कशा जपाव्यात

मागील अंकात या सदरातून पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे नागपूर आणि कामठीची आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. उत्तरांपूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. कोणता अल्बम ऐकावा आणि त्या अल्बमची कोणती प्रत घ्यावी, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला प्रश्न कानाने सोडवायचा असतो, तर दुसऱ्याचे उत्तर बहुधा तबकडीवरच कोरलेले असते. संग्राहकांची फसगत आणि निराशा होते ती बव्हंशी या दोहोंची गल्लत केल्यामुळे.

मी निवृत्त शिक्षिका असून धरमपेठेत राहते. आयुष्यभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकले. मुलाने टर्नटेबल आणून दिले आहे आणि आता जाझ ऐकावे असे वाटते, परंतु ते कानाला गोंगाटासारखे लागेल की काय, अशी शंका आहे. सुरुवात कोणत्या अल्बमने करावी?

आपली तयारी जाझच्या अनेक जुन्या श्रोत्यांपेक्षाही चांगली आहे, कारण ठरावीक चौकटीत राहून आयत्या वेळी केलेला विस्तार ऐकण्याची सवय आपल्या कानाला आधीच आहे. सुरुवात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमने करावी. हे नाव प्रत्येक यादीत सापडते म्हणून ते सुचवत नाही. त्यातील ‘सो व्हॉट’ ही पहिलीच रचना आपल्याला ओळखीच्या वाटेने आत नेईल म्हणून सुचवत आहे. आपल्या काफी थाटात जे स्वर लागतात, म्हणजे कोमल गंधार आणि कोमल निषाद, त्याच स्वरसमूहावर ही रचना चार-चार मात्रांची सोळा आवर्तने चालते, त्यानंतर आठ आवर्तनांपुरती संपूर्ण स्वरपट्टी अर्ध्या स्वराने वर सरकते आणि शेवटच्या आठ आवर्तनांत मूळ जागी परत येते. एवढ्याच चौकटीत ट्रम्पेट, जॉन कोल्ट्रेन यांचा टेनर सॅक्सोफोन, कॅननबॉल ॲडर्ली यांचा आल्टो सॅक्सोफोन आणि बिल इव्हान्स यांचा पियानो आपापल्या स्वभावानुसार विस्तार करतात. माइल्स मोजक्या स्वरांवर थांबतात आणि मध्ये मोकळी जागा ठेवतात, त्यांच्या मागोमाग येणारे कोल्ट्रेन तीच जागा ताना घेतल्याप्रमाणे भरून टाकतात, आणि हा विरोध लक्षात आला की गोंगाटाची शंका उरणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या काही तास आधी माइल्स यांनी या रचनांचे केवळ आराखडे तयार केले होते, असे इव्हान्स यांनी मलपृष्ठावरील टिपणात लिहिले आहे. तबकडी लावण्यापूर्वी ते टिपण अवश्य वाचावे.

याच अल्बमविषयी संग्राहकांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट येथेच सांगतो. ध्वनिमुद्रण २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत झाले. पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित सावकाश फिरत होते, त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर त्या दिवशीच्या तिन्ही रचना मूळ सुरापेक्षा थोड्या वर लागतात. या रचना तबकडीच्या पहिल्या बाजूला आहेत. १९९२ पर्यंत जगभरातील श्रोत्यांनी ही बाजू अशीच चढ्या सुरात ऐकली. पुढील आवृत्त्यांत ती सुधारण्यात आली. आपण तंबोऱ्याच्या सुरात वाढलेल्या आहात, तेव्हा सुधारित आवृत्तीच घ्यावी आणि जुन्या प्रतीसाठी अधिक पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

त्यानंतर डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीचा ‘टाइम आउट’ ऐकावा. तोही १९५९ चाच आहे. सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची ‘टेक फाइव्ह’ ही रचना पाच मात्रांची असून तिची विभागणी तीन आणि दोन अशी आहे. झपतालात दोन आणि तीन असे खंड मोजणाऱ्याला ती पहिल्याच आवर्तनात हाताशी येते. ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ मध्ये नऊ मात्रा दोन, दोन, दोन, तीन अशा पडतात, कारण हा ठेका ब्रूबेक यांनी तुर्कस्तानात रस्त्यावर वाजवणाऱ्या कलाकारांकडून ऐकला होता. १९५८ च्या त्याच दौऱ्यात ते भारतातही आले होते, आणि ‘जाझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ या अल्बममधील ‘कॅलकटा ब्लूज’ ही रचना त्या प्रवासाची खूण आहे.

तिसरा अल्बम जॉन कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील रुडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला आणि १९६५ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्याचे चार भाग आहेत. कोल्ट्रेन यांनी लिहिलेली एक प्रार्थना उघडणाऱ्या मुखपृष्ठाच्या आतील बाजूस छापलेली असून, ‘साम’ या शेवटच्या भागात सॅक्सोफोन त्या प्रार्थनेतील शब्दांमागून शब्द वाजवत जातो. आपल्याकडील गायकी अंगाच्या वादनात बंदिशीचे बोल जसे वाद्यातून ऐकू येतात, तोच हा प्रकार आहे. ती प्रार्थना समोर ठेवून, ओळीवर बोट ठेवत ऐकून पाहावे. साध्या, न उघडणाऱ्या मुखपृष्ठातील आवृत्ती मात्र टाळावी, कारण त्यात ही प्रार्थनाच हाती येत नाही. कोल्ट्रेन यांनी पंडित रविशंकर यांच्याबद्दलच्या आदरापोटी आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले, हेही आपल्याला जाणून घ्यायला आवडेल.

ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद १९६३ मध्ये भारतात आला होता, आणि त्या दौऱ्यातून १९६७ चा ‘द फार ईस्ट स्वीट’ हा अल्बम जन्मला. त्यातील ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ मध्ये क्लॅरिनेटवर जी लकेर येते, ती दिल्लीत संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न यांच्या कानावर पडलेल्या साळुंकीची आहे. ‘शक्ती’ या चमूचा १९७६ चा पहिला अल्बम यानंतर ऐकावा. जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम आणि आर. राघवन यांचे ते प्रत्यक्ष मैफलीतील वादन आहे. मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटारवर ध्वनिछिद्रावरून तिरप्या बसवलेल्या तरफांच्या तारा आहेत, आणि त्यांचा झंकार आपण लगेच ओळखाल. हे सर्व पचल्यावर ऑर्नेट कोलमन यांच्या मुक्त जाझकडे वळावे. ‘द शेप ऑफ जाझ टू कम’ हा त्यांचा अल्बमही १९५९ चाच असला, तरी पहिल्या महिन्यात तो लावण्याची घाई करू नये.

मी रामदासपेठेत राहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. एका विक्रेत्याने पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ची प्रत “मूळ ब्रिटिश, पहिल्या छपाईची” म्हणून फार मोठ्या किमतीला देऊ केली आहे. ती खरोखर पहिल्या छपाईची आहे, हे कसे ओळखावे?

मुखपृष्ठाकडे पाहून ओळखता येत नाही, कारण लोलकाचे ते चित्र मार्च १९७३ पासून आजवर असंख्य वेळा छापले गेले आहे. तबकडी बाहेर काढून दोन जागा पाहाव्या लागतात. पहिली जागा म्हणजे लेबल. हार्वेस्ट कंपनीच्या सर्वांत पहिल्या ब्रिटिश छपाईत लेबलावरील त्रिकोण फिकट निळ्या रंगाने पूर्ण भरलेला असतो, आणि थोड्याच काळात त्याच्या जागी केवळ त्रिकोणाची रेषा आली. दुसरी जागा म्हणजे शेवटचे गाणे संपल्यानंतर लेबलापर्यंत उरणारी गुळगुळीत काळी पट्टी. संग्राहक तिला रनआउट म्हणतात. ट्यूबलाइटखाली तबकडी दोन्ही तळव्यांच्या कडांमध्ये धरावी, हळूहळू कलती करावी, म्हणजे एका विशिष्ट कोनात त्या पट्टीवरील बारीक अक्षरे उजळतात. या अल्बमच्या पहिल्या छपाईत एसएचव्हीएल ८०४ या क्रमांकापाठोपाठ एका बाजूस ए-२ आणि दुसऱ्या बाजूस बी-२ असते. त्यापुढचा आकडा आढळला तर प्रत नंतरची आहे. ती वाईट ठरत नाही, पण पहिल्या छपाईची किंमत तिला देता येणार नाही. मूळ प्रतीत दोन भित्तिचित्रे आणि दोन स्टिकरही होते. ते गहाळ असल्यास किंमत त्या प्रमाणात उतरली पाहिजे, आणि विक्रेत्याशी बोलताना हा मुद्दा न विसरता काढावा.

या आकड्यांना एवढे महत्त्व का, हे समजून घ्यावे. टेपवरील ध्वनी प्रथम ‘लॅकर’ या लेपाचा थर दिलेल्या चकतीवर खाचांच्या रूपाने कापला जातो, त्या चकतीवरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांत तबकड्या दाबल्या जातात. चकती कापणारा तंत्रज्ञ बदलला की आवाजही बदलतो. लेड झेपलिनचा १९६९ चा दुसरा अल्बम हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. रॉबर्ट लुडविग यांनी तो इतक्या जोरकसपणे कापला की साध्या यंत्रांवर सुई खाचेतून उडू लागली, म्हणून कंपनीने तो पुन्हा सौम्य करून कापून घेतला. आज त्या पहिल्या प्रती पट्टीवरील ‘आर एल’ या दोन अक्षरांवरून ओळखल्या जातात आणि त्यांना मोठी मागणी आहे. जाझमध्ये ब्लू नोट कंपनीच्या जुन्या प्रतींवर रुडी व्हॅन गेल्डर यांची खूण आणि त्याशेजारी कानाच्या आकाराचे एक चिन्ह असते. ते चिन्ह प्लास्टिलाइट या कारखान्याचे असून कंपनी १९६६ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेल्यानंतरच्या छपाईत ते आढळत नाही.

मुखपृष्ठाची तपासणी काही अल्बमच्या बाबतीत वेगळ्या कारणाने करावी लागते. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ सालच्या ‘स्टिकी फिंगर्स’ वर खरीखुरी धातूची चेन (झिप) आहे. गठ्ठ्यात एकावर एक ठेवल्यावर ती शेजारच्या तबकडीच्या खाचांवर दाबली जाई, म्हणून कारखान्यातून निघताना चेन अर्धी उघडून तिची चकती लेबलाच्या जागी येईल अशी व्यवस्था करण्यात आली. आपल्या कपाटातही हा अल्बम त्याच स्थितीत ठेवावा आणि त्याच्या पुढे-मागे जाड पुठ्ठा घालावा.

आपण विद्यार्थी आहात म्हणून एक आग्रहाचा सल्ला देतो. त्या एका प्रतीवर वर्षभराचे पैसे खर्च करण्याऐवजी चांगल्या स्थितीतील नंतरची प्रत घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून टर्नटेबलचे कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, सुधारावे. पेटीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त यंत्रांत सुईचा भार बहुधा पाच ग्रॅमच्या आसपास असतो, तर चांगल्या कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. पहिल्या छपाईची दुर्मीळ प्रत तसल्या यंत्रावर वाजवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय.

मोनो प्रती महाग का असतात? स्टीरिओ अधिक प्रगत नाही का? (सदर, नागपूर)

मोनोमध्ये सर्व ध्वनी एकाच प्रवाहात असतात, स्टीरिओत ते डाव्या व उजव्या बाजूंत विभागलेले असतात. १९६७ पर्यंतच्या पॉप व रॉक संगीतात मोनो हीच मुख्य आवृत्ती मानली जात असे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ च्या मोनो मिश्रणासाठी, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्यासाठी, बँडचे सदस्य स्वतः बसले होते, स्टीरिओ मिश्रण नंतर त्यांच्या अनुपस्थितीत थोडक्या वेळात उरकण्यात आले. दोन्ही आवृत्त्यांत प्रत्यक्ष फरक आहेत. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोमध्ये अधिक जलद आणि चढ्या सुरात ऐकू येते. बीच बॉइजचा १९६६ चा ‘पेट साउंड्स’ तर मोनोतच घडला, कारण त्याचे निर्माते ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नसे. १९६८ नंतरच्या अल्बमसाठी निःशंकपणे स्टीरिओ घ्यावी.

कामठी छावणीजवळच्या आमच्या जुन्या घरात आजोबांची लोखंडी पेटी सापडली. तिच्यात सुमारे पन्नास तबकड्या आहेत. काही जाड व जड असून त्यांवर बीटल्सचे नाव आहे, काही पातळ आहेत. पातळ तबकड्यांपैकी काही वाकल्या आहेत, काहींवर पांढरी बुरशी आहे. त्यांचे काय करावे? पुढच्या नवतप्यात त्या टिकतील का?

सर्वप्रथम त्या जाड तबकड्या वेगळ्या काढाव्यात आणि त्या कोणालाही घाईने विकू नयेत. ब्रिटन-अमेरिकेत मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या बंद झाल्यानंतरही भारतात त्या निघत होत्या, कारण चावीचे ग्रामोफोन घरोघरी अजून चालू होते. म्हणूनच बीटल्सची सुरुवातीची गाणी येथे पार्लोफोनच्या लेबलाखाली ७८ च्या तबकड्यांवर प्रसिद्ध झाली, आणि हा प्रकार जगात फार थोड्या देशांत घडला. परदेशांतील संग्राहक त्यांच्या शोधात असतात. त्या काचेप्रमाणे फुटतात, तेव्हा एकावर एक रचून ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात आणि प्रत्येकीला कागदी पाकीट करावे. त्या पुसताना स्पिरिटचा किंवा कोणत्याही अल्कोहोलयुक्त द्रवाचा वापर करू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचा कायमच्या नष्ट होतात. किंचित ओलसर मऊ कापड, डिस्टिल्ड वॉटर आणि लगेच कोरडे करणे, इतके पुरेसे आहे. वाजवायच्या असल्या तर ७८ साठी मिळणारी रुंद टोकाची सुई लावावी. एलपीची, म्हणजे पातळ तबकडीची, सुई या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर तेवढी ऐकू येते. याच्या उलट चूक अधिक घातक आहे. पोलादी सुईच्या जुन्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नये, एकाच वादनात ती खराब होते.

पातळ तबकड्यांवरील बुरशी बहुतेक वेळा पृष्ठभागावर असते. घराबाहेर, तोंडाला कापड बांधून, आधी कोरड्या कार्बन ब्रशने ती काढावी. नंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बशी धुण्याच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब घालून, खाचांच्या दिशेने गोल फिरवत धुवावे, लेबल ओले होऊ देऊ नये, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळून सावलीत उभे वाळवावे. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार खाचांत बसतात. जुनी कागदी पाकिटे मोहाने परत वापरू नयेत. बुरशीची बीजे त्यांतच असतात. बाहेरील चित्रमय मुखपृष्ठ मात्र जपावे आणि तबकडी नव्या पाकिटात घालून त्याच्या मागे वेगळी ठेवावी.

वाकलेल्या तबकड्यांविषयी अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. दोन काचांमध्ये ठेवून उन्हात तापवण्याचा उपाय अनेकजण सांगतात, परंतु नागपूरच्या उन्हात त्यात खाचाही सपाट होण्याचा धोका आहे. दोन जाड, सपाट काचांमध्ये ठेवून, वर समान वजन देऊन, घरातील सर्वांत थंड खोलीत काही आठवडे ठेवावे. हलका बाक असल्यास उपयोग होतो. कडेला लाट उठली असेल तर होत नाही.

आता नवतपा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तबकड्यांना खरा धोका हवेपेक्षा घराच्या रचनेतून असतो. वरच्या मजल्यावरील खोलीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, पश्चिमेकडील भिंत सायंकाळी हाताला चटका देते, आणि माळ्यावर तर हवाच खेळत नाही. या तीन जागा वर्ज्य समजाव्यात. तळमजल्यावर, आतील भिंतीला लागून, जमिनीपासून थोडे वर, उघडे लाकडी कप्पे करावेत आणि तबकड्या अगदी उभ्या ठेवाव्यात. तिरप्या टेकलेल्या तबकडीला उष्णतेत बाक येतोच. दुसरे संकट कूलरचे आहे. ज्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभर चालतो, त्या खोलीतील मुखपृष्ठे जुलैपर्यंत सादळतात, आणि मग पावसाळा बुरशीचे काम पूर्ण करतो. तेव्हा कूलरची खोली आणि तबकड्यांची खोली वेगळी असावी. ते शक्य नसेल तर कप्पे कूलरच्या झोतापासून दूर ठेवून खिडकी उघडी ठेवावी. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तबकडी दहा मिनिटेही ठेवू नये.

भारतात तयार झालेल्या पाश्चात्त्य वळणाच्या तबकड्यांना संग्रहात स्थान द्यावे का? माझे मित्र त्यांना दुय्यम समजतात. (महाल)

आपल्या मित्रांशी मी सहमत नाही. येथे दोन वर्ग वेगळे करावे लागतील. पहिला वर्ग परदेशी अल्बमच्या भारतीय छपाईचा. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात इएमआय या ब्रिटिश कंपनीचे असंख्य अल्बम छापले, पुढे पॉलिडोर आणि सीबीएसच्याही भारतीय आवृत्त्या निघाल्या. यांत मुखपृष्ठ अनेकदा उघडणाऱ्याऐवजी साधे असते, आतील चित्रे वगळलेली असतात, आणि प्रतींचा दर्जा एकसारखा नसतो. तरीही चांगली प्रत मिळाली तर ती ऐकण्यासाठी पूर्ण समाधानकारक असते आणि तिची किंमत आपल्या आवाक्यात राहते.

दुसरा वर्ग याहून मोलाचा आहे, तो म्हणजे येथेच जन्मलेले संगीत. शंकर-जयकिशन यांचा १९६८ चा ‘रागा-जाझ स्टाइल’ घ्या. तोडी, भैरव, मालकंस, कलावती अशा अकरा रागांवरील छोट्या रचना, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग आणि मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदातील गोव्याचे वादक. मैफलीच्या विस्ताराची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. प्रत्येक रचना चित्रपटगीताच्या लांबीची आहे, आणि तेवढ्या वेळात रागाचा चेहरा दाखवून दूर होण्याचे कौशल्य त्यात आहे. मालकंसावरील रचना ऐकली की ही मंडळी दोन्ही भाषा किती सहज बोलत होती ते लक्षात येते. आनंद शंकर यांचा १९७५ चा ‘आनंद शंकर अँड हिज म्युझिक’ सतार आणि सिंथेसायझर एकत्र आणतो. त्यातील ‘स्ट्रीट्स ऑफ कॅलकटा’ आणि ‘डान्सिंग ड्रम्स’ परदेशांतील नृत्यगृहांत पुढे दोन दशकांनी गाजले, तेव्हापासून मूळ भारतीय प्रतीची किंमत चढत गेली आहे. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये केलेला ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ त्यावेळी फारसा कोणी विकत घेतला नाही. जवळजवळ तीन दशकांनी तो परदेशात पुन्हा छापला गेला, तेव्हा शिकागोतील यंत्रसंगीताच्या आधीच मुंबईतील एका चित्रपट-वादकाने त्याच जपानी यंत्रांतून तसा नाद काढला होता, हे जगाच्या ध्यानात आले. १९७० आणि १९७१ चे ‘सिमला बीट’ अल्बमही याच वर्गातले. देशभरातील तरुण रॉक बँडच्या स्पर्धेतून ते निघाले आणि आज मूळ प्रत दिसणेही कठीण आहे.

याच संदर्भात जॉर्ज हॅरिसन यांचा १९६८ सालचा ‘वंडरवॉल म्युझिक’ विसरू नये. बीटल्सच्या ॲपल कंपनीने काढलेला हा पहिला अल्बम, आणि त्याचा मोठा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतील एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाला. संतूरवर शिवकुमार शर्मा आणि सरोदवर आशिष खान आहेत. मुंबईत जन्मलेल्या आशा पुतळी यांचा आवाज ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बममधील दोन गाण्यांत ऐकावा. शास्त्रीय संगीताचे संस्कार असलेला गळा मुक्त जाझच्या इतक्या खडतर चालीत जराही न डगमगता उभा राहतो. माझ्या मते भारतीय संग्राहकाने बीटल्सच्या दहाव्या प्रतीआधी हे अल्बम मिळवावेत.

पॉप संगीताचे अल्बम संग्रहयोग्य असतात का? (गोकुळपेठ)

निश्चितच असतात. मायकल जॅक्सन यांचा १९८२ चा ‘थ्रिलर’ प्रत्येक जुन्या दुकानात दिसतो म्हणून त्याला कमी लेखू नये. त्याची पहिली मिश्रणे तयार झाली तेव्हा एकेका बाजूवर इतकी मिनिटे भरली होती की खाचा अरुंद होऊन आवाज क्षीण झाला. निर्माते क्विन्सी जोन्स आणि ध्वनितंत्रज्ञ ब्रूस स्वीडीन यांनी गाणी छाटून सर्व मिश्रण पुन्हा केले. आपण जो भरदार ठोका ऐकतो, तो या निर्णयातून आलेला आहे. स्टीव्ही वंडर यांचा १९७६ चा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ घेताना दोन एलपींसोबत चार गाण्यांची एक छोटी तबकडी आणि गीतांची पुस्तिका आहे याची खात्री करावी, कारण जुन्या बाजारात या दोन वस्तूच बहुधा गहाळ असतात. कॅरोल किंग यांचा ‘टॅपेस्ट्री’ आणि फ्लीटवूड मॅकचा ‘रूमर्स’ हे अनुक्रमे १९७१ आणि १९७७ चे अल्बम भरपूर प्रतींत छापले गेले असल्याने स्वस्तात मिळतात. या दोन्हींसाठी जास्त पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

नव्याने छापलेल्या १८० ग्रॅमच्या तबकड्या जुन्यांपेक्षा चांगल्या असतात का? आणि नागपुरात जुन्या मिळत नसल्याने कोलकाता किंवा मुंबईहून मागवायच्या झाल्यास कोणती काळजी घ्यावी? (प्रतापनगर)

वजनाचा आवाजाशी थेट संबंध नाही. जड तबकडी सहजी वाकत नाही, हा तिचा फायदा आपल्या हवामानात मोठा आहे, परंतु आवाज कशावरून कापला, मूळ टेपवरून की एखाद्या डिजिटल प्रतीवरून, आणि कोणी कापला, यावर सारे अवलंबून असते. वेष्टनावर ही माहिती स्पष्ट दिली असेल तर विश्वास ठेवावा, केवळ ग्रॅमचा आकडा ठळक छापला असेल तर सावध राहावे.

आपले शहर हावडा-मुंबई लोहमार्गावर आहे, ही सोयीची बाब मानावी. कोलकात्याची फ्री स्कूल स्ट्रीट आणि मुंबईचा चोरबाजार या दोन्ही जागी स्वतः जाऊन पाहण्यास पर्याय नाही. नागपुरातही सदर, कामठी आणि रेल्वे वसाहतींतील जुनी घरे रिकामी होतात तेव्हा चांगले संग्रह रद्दीवाल्याकडे पोहोचतात, म्हणून त्या भागातील रद्दीवाल्याकडे आपला दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवावा. दुरून मागवायचेच असेल तर विक्रेत्याकडून दोन्ही लेबलांची, रनआउट पट्टीवरील अक्षरांची आणि तिरप्या प्रकाशात घेतलेली पृष्ठभागाची छायाचित्रे मागवावीत. ‘व्हीजी’ (व्हेरी गुड) या शेऱ्याचा अर्थ शब्दशः उत्तम असला, तरी बाजारात ती प्रत स्पष्ट खरखर असलेली समजली जाते. ‘व्हीजी प्लस’ च्या खाली शक्यतो उतरू नये. पाठवताना तबकडी मुखपृष्ठातून बाहेर काढून त्याच्या मागे ठेवण्यास सांगावे, नाहीतर प्रवासातील हिसक्यांनी ती मुखपृष्ठाची कड फाडते. दोन्ही बाजूंना तबकडीपेक्षा मोठे, कडक पुठ्ठे असावेत. एप्रिलच्या मध्यापासून जूनमध्ये पहिला पाऊस पडेपर्यंत मात्र काहीही मागवू नये, कारण पार्सल फलाटावर किंवा वाहनात किती तास तापत पडेल याची हमी कोणताही विक्रेता देऊ शकत नाही.